झालं का बोलून?

भोर-वेल्ह्याकडं माणूस गेलं, की पहिला फोन पाव्हण्यांना जातो, दुसरा गुरुजींना आणि तिसरा आनंदरावांना. दहाव्याला आनंदराव बोलले नाहीत तर मयताला उणेपण आलं, असं घरच्यांना वाटतं. हसू नका. पुण्यात कंपनीत असलेले, चांगले शिकलेसवरलेले लोक फोन करून विचारतात, "आबा, तुमची तारीख मोकळी हाय का? तसा दहावा धरतो." आता दहावा दहाव्या दिवशीच येणार, त्याला कसली आलीय तारीख! पण गरज पडली की माणूस काहीही बोलतो.

आनंदराव बोलायचेही तसंच. धुतलेला सदरा, काखेत छत्री. माईक हातात आला की आधी काहीच बोलायचे नाहीत. नुसतं नदीकडं बघत उभे. लोकांना वाटायचं, बिचाऱ्यांचा गळा भरून आला. तो डाव होता, आणि तो त्यांनी स्वतः शोधला होता. नव्या पुढाऱ्यांना ते हे सगळं शिकवायचे, हातचं राखून ठेवायचे नाहीत. "भाषणाला तीन पायऱ्या," असं सांगायचे. "ओळख, आकडा, आसू. आधी लोकांना वाटलं पायजे, हा आपला माणूस हाय. मग वाटलं पायजे, ह्याला माहिती हाय. मग रडवायचं. उलटं केलं की माती." प्रश्न विचारायचा, पण उत्तराला जागा ठेवायची नाही. एकच वाक्य तीनदा म्हणायचं: पहिल्यांदा लोक ऐकतात, दुसऱ्यांदा मान डोलावतात, तिसऱ्यांदा पदर डोळ्याला जातो. भोरच्या रफीकचा स्पीकर या सगळ्या दहाव्यांना असायचा. कुठल्या शब्दाला आवाज घुमवायचा, हे त्याला पाठ झालं होतं.

तो शब्द होता 'रत्ना'.

रत्ना ही आनंदरावांची थोरली मुलगी. सहाव्या वर्षी गेली. कुणाचाही दहावा असो, शेवटच्या पायरीवर आनंदराव रत्नावर यायचे. "मंडळी, दुःख काय असतं ते मला विचारा. माझी रत्ना माझ्या मांडीवर गेली. ताप डोक्यात चढलेला. माझा हात धरून म्हणाली, आबा, तुमी रडू नका. मी म्होरं जाते आन् तुमची जागा धरून ठेवते." एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या लोकांना हे वाक्य असं काही लागायचं, की विचारू नका. दगडासारखी माणसं उपरण्यानं नाक पुसायची. आनंदराव मग ते वाक्य दुसऱ्यांदा म्हणायचे, तिसऱ्यांदा म्हणायचे, आणि रफीक आवाज घुमवायचा.

आता खरं सांगतो. त्यातलं फक्त रत्ना खरी. तिची सहा वर्षं खरी. मांडीसुद्धा खरी, पण ती आनंदरावांची नव्हती. ती त्यांच्या बायकोची, सुलक्षणाबाईंची होती.

चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सुलक्षणाबाई पोरीला घेऊन माहेरी गेलेल्या, वेल्ह्याच्या वरच्या अंगाला. तिथं पोरीला ताप भरला. दोन दिवस काढे झाले, अंगारे झाले, तिसऱ्या दिवशी सकाळी पोर बोलेना. सुलक्षणाबाईंचा धाकटा भाऊ गेनबा, त्यानं जीप मिळते का बघायला एकाला धाडलं आणि कोंडिबा नावाच्या शेजाऱ्याला मोटारसायकलवर सारोळ्याला पिटाळलं. सारोळ्याला आनंदरावांचं भाषण होतं. सोसायटीची निवडणूक होती, पुलाजवळ मोठा मांडव होता, आणि तिशीतल्या आनंदरावांचं नाव तेव्हा नुकतं गाजू लागलं होतं. कोंडिबानं चिठ्ठी स्टेजपाशी दिली. ती या हातातून त्या हातात करत आनंदरावांपर्यंत गेली.

आता ज्यांनी स्टेजवर कधी भाषण केलंय त्यांना माहीत असेल, बोलत असताना जी चिठ्ठी येते तिच्यावर एकच मजकूर असतो: वेळ संपली, आवरा. आनंदरावांना अशा चिठ्ठ्यांचा मनापासून राग. लोक ऐकतायत, टाळ्या पडतायत, आणि हा कोण मला आवरा म्हणणारा? त्यांनी चिठ्ठी न उघडता खिशात सारली. वर माईकवरून म्हणाले, "चिठ्ठ्या येतील नि जातील, आनंदराव थांबनार न्हाई!" केवढी टाळी पडली. मग ते आणखी पाऊण तास बोलले, मग जेवले. सारोळ्यापासून नसरापूर अर्ध्या तासावर. तिथं एका दवाखान्याच्या ओसरीत सुलक्षणाबाई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आनंदराव पोचले तेव्हा दिवस कलला होता आणि पोरीच्या अंगावर लुगडं घातलेलं होतं.

चिठ्ठी सापडली ती सुलक्षणाबाईंना, सदरा धुवायला घेतला तेव्हा. त्यांनी ती उघडली, घडी मोडून नवऱ्यापुढं ठेवली आणि सदरा घेऊन धुण्याच्या दगडाकडं गेल्या. 'पोरीला लई ताप. नसरापूरला आनतोय. लगोलग या.' एवढंच होतं तिच्यावर. ज्या माणसाला पाच हजारांपुढं शब्द कमी पडले नव्हते, त्याला त्या वेळी बायकोशी बोलायला एक शब्द सुचला नाही. खूप दिवस सुचला नाही. आणि एका दहाव्यात, दुसऱ्याच कुणाच्या तरी, बोलता बोलता त्यांच्या तोंडून गेलं, "माझी रत्ना माझ्या मांडीवर गेली." का गेलं? खोटं बोलावं म्हणून नव्हे. तिथं असायला हवं होतं हे इतकं वाटत होतं, की जीभच त्यांना तिथं घेऊन गेली. लोक रडले. आनंदरावांना दोन क्षण पोर खरंच मांडीवर असल्यासारखं झालं. मग काय, ती चटकच लागली. दर दहाव्याला ते पोरीला भेटायला जायचे, असंच म्हणा ना.

सुलक्षणाबाईंनी पहिल्यांदा हे भाषण बायकांत बसून ऐकलं. घरी आल्यावर चुलीपुढं बसून म्हणाल्या, "अवो, तुमच्या त्या गोष्टीत मी कुठंय?" आनंदरावांनी पायातली वहाण काढली, पुन्हा घातली, आणि बाहेर निघून गेले. त्यानंतर सुलक्षणाबाई कधी त्यांचं भाषण ऐकायला गेल्या नाहीत. मात्र एक रीत त्यांनी धरली. आनंदराव बोलून घरी आले, की पाण्याचा तांब्या घेऊन दारात यायच्या आणि एवढंच विचारायच्या, "झालं का बोलून?"

"झालं की! मानसं उठंनात," आनंदराव फुशारकीनं सांगायचे. सुलक्षणाबाई जराशा थांबायच्या, अजून काही ऐकायचं असल्यासारख्या. मग तांब्या देऊन आत जायच्या. आनंदरावांना वाटायचं, बायको टोमणा मारते. मारू दे. चौतीस वर्षं हे असं चाललं.

मार्गशीर्षात सुलक्षणाबाई गेल्या. दुखणं महिनाभराचंच. शेवटच्या आठवड्यात आनंदराव रोज उशाशी बसायचे, आणि रोज एक प्रश्न त्यांच्या ओठाशी येऊन परत जायचा. पोर शेवटी काय म्हणाली गं? ते 'जागा धरते' त्यांनी एसटीत बसून रचलेलं होतं. पण खरं काही ती म्हणाली असेल ना! ते ऐकायला जीव तुटत होता. पण विचारायचं म्हणजे आधी 'मी तिथं नव्हतो' हे तोंडानं म्हणायला हवं. ते काही होईना. आणि एका सकाळी विचारायला माणूसच उरलं नाही.

नंतरचे दहा दिवस वाईट गेले. घर भरलेलं होतं; मुलगा सोमनाथ, सून प्रेरणा, पाव्हणेरावळे. पण आनंदराव पाणंदीपर्यंत जाऊन परत दारात आले, की पाय आपोआप थांबायचे. कान आत जायचे. तांब्याचा आवाज नाही, काकणाचा नाही. प्रेरणा पाणी आणून द्यायची, गुणाची पोर. पण ती "घ्या आबा" म्हणायची. आनंदरावांना तो टोमणा हवा होता. एकदा, फक्त एकदा. त्या टोमण्यासाठी त्यांनी आपली सगळी भाषणं ओवाळून टाकली असती.

दहाव्याला नीरेच्या घाटावर हे एवढं माणूस. आनंदरावांच्या घरचा दहावा, कोण राहणार मागं? तीनशेवर लोक असतील. प्रवचन झालं. भादरलेल्या डोक्यानं सोमनाथनं पिंड पानावर मांडला, पाणी सोडलं, हात जोडले आणि सगळे चार पावलं मागं सरले. करंजाच्या झाडावर पाच-सहा कावळे बसलेले. एक खाली उतरला, पिंडापासून दोन हातांवर आला, मान वाकडी करून बघितलं आणि परत झाडावर.

झालं, मग सुरू झाल्या विनवण्या. सोमनाथ म्हणाला, "आई, आबांना मी अंतर देणार न्हाई." कावळा हलेना. प्रेरणा म्हणाली, "आत्याबाई, तुळशीला रोज पानी घालीन." हलेना. कुणी म्हणालं, चहा लई आवडायचा, चहा ठेवा. बशीत चहा आला, वर बटरही आलं. कुणाला आठवलं, म्हातारी मिसरी लावायची. मिसरीची डबी आली. ऊन वर चढलं. लोक सावलीकडं सरकले, मोबाईल बघू लागले, आणि कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "दर्भाचा कावळा करून शिववा आन् मोकळे व्हा." तेव्हा सोमनाथचा चेहरा बघवत नव्हता. आईचा जीव कशात अडकलाय हे आपल्याला कळू नये?

"आबा, तुमी बोला," गावातलेच एक जण म्हणाले. "तुमच्या बोलन्यानं आमदार हलत्यात, कावळा काय चीज हाय!"

रफीकनं माईक आणून हातात दिला. आनंदराव उभे राहिले. नदीकडं बघत गप्प राहिले. त्या दिवशी तो डाव नव्हता, पण लोकांना तसंच वाटलं असेल. मग बोलू लागले. आधी ओळख: वेल्ह्याची सुलक्षणा या घरी कशी आली. मग आकडा: किती वर्षांचा संसार, किती पंगती तिनं वाढल्या, किती लोकांच्या पोरी तिनं बाळंतपणात सांभाळल्या. आणि मग, देवाशपथ सांगतो, त्यांना कळलंसुद्धा नाही, जीभ आपली नेहमीच्या वाटेनं गेली. "मंडळी, दुःख काय असतं ते मला विचारा. माझी रत्ना माझ्या मांडीवर..."

रफीकनं आवाज घुमवला. 'रत्ना, रत्ना' असं नदीच्या पलीकडच्या काठावरून परत आलं. बायकांत हुंदका फुटला. करंजावरचे कावळे फडफड करत उडाले आणि लांब विजेच्या तारेवर जाऊन बसले. पुढच्या रांगेत गेनबा होते, आता तेही म्हातारे झालेले. त्यांनी काठी टेकली, उठले आणि पाठ फिरवून पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

आनंदरावांनी कावळ्यांकडं बघितलं, गेनबांच्या पाठीकडं बघितलं, आणि वाक्य तिथंच सोडलं. तिच्या दहाव्यातसुद्धा! तिच्या स्वतःच्या दहाव्यातसुद्धा आपण तिला तिथून उठवलं आणि तिच्या जागेवर जाऊन बसलो. एवढं त्यांना स्वच्छ दिसलं, आणि लाज वाटली.

"रफीक, बंद कर ते," ते म्हणाले.

"आबा, आवाज कमी करू?"

"कमी न्हाई. बंद कर."

माईक त्यांनी खाली पिंपाच्या झाकणावर ठेवला. बिनमाईकचा त्यांचा आवाज लोकांनी पहिल्यांदाच ऐकला. किरटा होता. मागच्यांना ऐकू येईना म्हणून लोक पुढं सरकले.

"पोर माझ्या मांडीवर गेली न्हाई," आनंदराव म्हणाले. "मी तिथं नव्हतो. मी सारोळ्याला बोलत होतो. चिठ्ठी आली होती, मी उघडली न्हाई. मांडी हिची होती. मी तुमाला चौतीस वर्सं खोटं सांगितलं. ते जागा धरून ठेवायचं, ते पन मीच रचलेलं. पोर काय म्हनली मला ठावं न्हाई."

ना ओळख, ना आकडा. लोकांना रडावं का काय करावं कळेना. सोमनाथ बापाकडं बघतच राहिला. त्यालाही हे आजच कळत होतं. मागं कुणीतरी "आरं तिच्या मारी!" म्हणालं. आनंदरावांनी तिकडं बघितलं नाही. ते पाण्याच्या कडेला गेले आणि मेव्हण्याच्या मागं उभे राहिले.

"गेनबा, तू व्हतास तिथं. सांग मला. पोर काय म्हनली?"

गेनबा वळले. डोळे भरलेले, पण आवाजात राग होता. "लई येळानं इचारलंत, दाजी. आक्कानं मला शपथ घातली व्हती. म्हनली, त्यांनी आपल्या तोंडानं इचारलं तर सांग, न्हाईतर कवाच सांगू नगं. चौतीस वर्सं म्या वाट बघितली. ती बी बघत व्हती. तुमी जगाला सांगत बसलात, पन आमाला काय इचारलं न्हाई."

"आता इचारतोय."

गेनबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "डाक्टरनी सुई दिली, तवा पोरीनं डोळं उघडलं. म्हनली, आबा कुठंयत? आक्का म्हनली, आबांचं भाषन चाललंय बाय, झालं की येत्यात. कोंडिबानं तसंच येऊन सांगितलं व्हतं. मग पोर गप पडली. जराशानं डोळं उघडलं आन् म्हनली, झालं का बोलून? आक्का म्हनली, व्हईल आता. परत डोळं मिटलं. परत उघडलं, परत तेच, झालं का बोलून? तिसऱ्यांदा इचारलं, आन् मग काय उघडलं न्हाई."

आनंदरावांना दारातली सुलक्षणा दिसत होती. हातात तांब्या, डोक्यावरचा पदर, आणि विचारून झाल्यावर ते जरासं थांबणं. टोमणा कसला! पोरीचा निरोप होता तो. चौतीस वर्षं, दर भाषणानंतर, ती तो हातात देत होती, आणि हा शहाणा पाणी पिऊन आत जात होता. कुणी विचारायला शिकवलं नव्हतं का रे तुला, आनंदा? "काय गं, असं का विचारतेस?" एवढं म्हणायला किती शब्द लागतात?

ते पिंडापाशी आले आणि खाली मातीत बसले. गुरुजी काही सांगायला पुढं झाले, त्यांना सोमनाथनं हातानं थांबवलं. समोर केळीचं पान, बशीतला चहा थंड झालेला, बटरावर मुंगी चढलेली. आनंदरावांनी हात जोडले नाहीत. ते पानाकडं बघून बोलले, घरातल्या माणसाशी बोलावं तितक्या आवाजात, आणि एकदाच.

"झालं गं. झालं माझं बोलून."

तारेवरचा एक कावळा सरळ खाली आला. आनंदराव इतके जवळ बसलेले असूनही तो बिचकला नाही. त्यानं पिंडाला चोच मारली, एक शीत उचललं आणि पाण्यावरून पलीकडं निघून गेला. "शिवला, शिवला!" म्हणून एकच गलका झाला. बायका मोकळ्या मनानं रडू लागल्या, सोमनाथ भुईला डोकं टेकून रडला, आणि लोक आंघोळीसाठी पाण्याकडं निघाले. रफीक वायर गुंडाळू लागला.

आनंदराव उठले नाहीत. गलका ओसरला तरी ते तिथंच बसून होते, मान जराशी वळवून, घरी आल्यावर दारात थांबायचे तसे. पुढं अजून काही कुणी विचारतंय का म्हणून ते ऐकत होते. आता सांगायला उत्तर होतं, आणि विचारणाऱ्या दोघीही गेल्या होत्या.